हाकललेल्या आचाऱ्याचे शिंपले

मंगळवार हा काही खेळायचा वार नव्हे, मला मान्य आहे. पण आमच्यातला एकजण राजोडीचा. समुद्राच्या अलीकडे त्याच्या घरच्यांच्या खोल्या आहेत, त्या शनिवार-रविवार पर्यटकांना भाड्याने जातात, आणि ते दोन दिवस तो गाद्या, बादल्या आणि कोणाचं तरी बाथरूम तुंबलंय या भानगडीत असतो. सोमवारी तो झोपतो. म्हणून मंगळवार. संध्याकाळी मी ऑफिसातून आचोळ्याला घरी पोचते, कुकर लावते, हॉलमधलं टेबल पुसते आणि मग सगळे येतात. दारात चपलांचा ढीग पडला की समोरच्या काकू दार किलकिलं करून बघणार. आम्ही पैसे लावून पत्ते खेळतो अशी त्यांची पक्की समजूत आहे. मी ती काढायला गेले नाही. मरू दे.

खेळ तसा सांगायला सोपा आहे. एकजण गोष्ट चालवतो, आमच्यात ती मी. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि त्या माणसाच्या तोंडून बोलतात. मी सांगते, पुढे खाडी आहे आणि नावाडी म्हणतोय, तुम्हाला नेणार नाही. मग ज्याने त्याने आपापल्या सोंगात राहून नावाड्याला पटवायचं. पटेल की नाही अशी शंका असली तर फासा टाकायचा, वीस बाजूंचा. नावाडी, शिपाई, राजा, म्हातारी, भूत, उरलेली सगळी जनता माझ्या अंगावर. जिंकणं-हरणं असं काही नसतं. ‘मग खेळता कशाला?’ हा प्रश्न मला ऑफिसात आणि एकदा लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालेला आहे.

खेळणारे चौघं. राजोडीचा हा मित्र, तो गोष्टीत चोर आणि प्रत्यक्षात इतका सरळ की चोरी करायच्या आधी मला विचारतो, ‘ताई, चालेल ना?’ दुसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण, वसईच्या कोर्टात वकिली करते, काळा कोट पिशवीत कोंबून तशीच येते. तिसरा विरारचा एक नाटकवाला. दिवसा क्लासमध्ये गणित शिकवतो, बाकी वेळ एकांकिका बसवतो, आणि चहा मागितला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असा मागतो. आणि चौथे माझे बाबा.

बाबांना मी खेळायला बोलावलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि वन रूम किचनमध्ये ते जाणार कुठे? कोपऱ्यात पेपर धरून बसायचे. एकदा मी राजा म्हणून काहीतरी गुळमुळीत बोलले, तर पेपरामागून आवाज आला, ‘असो राजा बोलता? ह्यो काय तलाठी आसा?’ सगळे फसकन हसले. पुढच्या मंगळवारी बाबा पेपर न घेता टेबलाशी येऊन बसले.

बाबा कोकणातले. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला, पण जत्रेला गावच्या नाटकात सोंग घ्यायचं चुकवलं नाही. त्यांनी आमच्या गोष्टीत निवडला आचारी. राजवाड्यातून हाकललेला आचारी! बाकीच्यांनी तलवारी घेतल्या, जादू घेतली, यांनी आमटी वाढायचा डाव घेतला. आणि काय बोलायचा तो आचारी! थापा मारायचा, नावाड्याला सोलकढीची कृती सांगत फुकटात पलीकडे जायचा, शिपायांच्या भांडणात ‘आदी जेवा, मगे मारामारी करा’ म्हणायचा. बोलायच्या आधी घसा खाकरायचा, टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं, मग सुरू. मी गोष्टीची तयारी करून बसलेली असायचे आणि हा माणूस माझी गोष्ट भलतीकडेच घेऊन जायचा.

गोची होती ती बक्षिसाची. सोंग चांगलं वठवलं तर खेळणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, असा या खेळाचा रिवाज आहे. आमच्यात शिंपला मिळतो. राजोडीवाल्याने पिशवीभर आणून ठेवलेत. शिंपला खर्च केला की वाईट पडलेला फासा पुन्हा टाकता येतो. सुरुवातीला शिंपले मी द्यायचे. त्यावरून जी भांडणं झाली! जो जास्त बोलेल त्याला जास्त मिळायचे, म्हणजे नाटकवाल्याला. चोर बिचारा गप्प राहून फार सुंदर चोर व्हायचा, त्याला काही नाही. वकीलीणबाईंनी तर मुद्देसूद हरकत घेतली, की राजाही तूच, शिपाईही तूच आणि न्यायाधीशही तूच, हे कुठल्या कायद्यात बसतं? मी तापट आहे. म्हटलं, मग तू चालव गोष्ट, मी कोट घालून बसते.

बाबांनी तोडगा काढला, तो गावच्या नाटकातला. गावच्या नाटकात बक्षीस दिग्दर्शक देत नाही, बघणारा देतो, आणि तेही नाटक संपल्यावर नाही, चालू असताना. राजाचं भाषण आवडलं की समोरून कोणीतरी चिठ्ठी पाठवतो, पेटी थांबते, माईकवरून नाव पुकारतात, आणि राजा राजा राहूनच हात जोडतो. मग नाटक पुढे. ‘बक्षीस सोंगाक,’ बाबा म्हणाले, ‘माणसाक नाय. माणूस घरचो असलो काय, दुश्मन असलो काय.’ तेव्हापासून आमचा नियम ठरला. शिंपले मधोमध ठेवायचे. ऐकणाऱ्याला जिथे आवडेल तिथे त्याने शिंपला उचलून बोलणाऱ्यापुढे सरकवायचा, बोलणाऱ्याने सोंग न सोडता हात जोडायचे. स्वतःला द्यायचा नाही. मला, म्हणजे गोष्ट चालवणारीला, द्यायची मनाई नव्हती, पण तसं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

हा नियम झकास चालला. चोराला शिंपले मिळायला लागले. बाबांपुढे तर ढीग व्हायचा. ते खर्च करायचे नाहीत, शर्टाच्या खिशात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये खडखड झाली की मी बोंब मारायचे. द्यायला मात्र महाकंजूष. नाटकवाल्याला त्यांनी कधी एक शिंपला दिला नाही. एकदा तो गेल्यावर मी म्हटलं, ‘बाबा, इतकं चांगलं बोलतो तो, द्या की एखादा.’ तर म्हणाले, ‘बोलता बरा. आयकना नाय.’ आणि टीव्ही लावला.

त्या सगळ्या दिवसांत बाबा एकाच प्रसंगाची वाट बघत होते. आचाऱ्याला राजाने हाकललं होतं. का, ते बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, ‘ता मी राजाकच सांगतलंय.’ गोष्ट फिरत फिरत राजवाड्याकडे चालली होती. राजापुढे उभं राहून आचारी काय बोलणार, ते बाबा मनात जुळवत होते हे मला दिसायचं. भाजी निवडताना ओठ हलायचे. आंघोळीला गेले की आतून राजाला झापल्याचा आवाज यायचा. मी दाराशी कान लावायचे आणि पकडले जायचे.

राजवाड्याच्या वेशीपर्यंत गोष्ट आली आणि बाबांना झटका आला.

सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून पडला, मी ओरडले, ‘बाबा, नीट धरा ना!’ आणि मग त्यांचं तोंड बघितलं. पुढचं हॉस्पिटल, स्कॅन, औषधं, फिजिओ, हे मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे. जीव वाचला. पाय बराचसा परत आला, डावा हात तर ठणठणीत होता. वाचा गेली. म्हणजे समजतं सगळं. पेपर बघतात, माझ्यावर डोळे वटारतात. पण शब्द सापडत नाही. दोनच शब्द धड यायचे, ‘नाय’ आणि ‘मेल्या’. ‘नाय’ हो म्हणायलाही यायचा आणि नाही म्हणायलाही. बाकी नुसता ता, ता, ता, आणि मग घामाघूम.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘त्यांना माणसांत ठेवा, आधी करायचे ते सगळं करू द्या.’ मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, मंगळवारी या. तिघंही आले. चोर येताना सुकेळी, वसईकडची सुकवलेली केळी, घेऊन आला, बाबांना आवडतात म्हणून. बाबा कधीचे तयार होऊन टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात जुने शिंपले.

मी विचारलं, ‘आचारीबुवा, वेशीवरचा पहारेकरी अडवतोय. काय करता?’

बाबांनी घसा खाकरला. टेबलावर पेराने दोनदा ठोकलं. तोंड उघडलं. ‘ता... ता... नाय. ता...’

आम्ही थांबलो. बाईंनी सांगितलं होतं, शब्द पुरवू नका. शेवटी त्यांनी डाव ढवळल्यासारखा हात हवेत फिरवला. लगेच वकीलीणबाईंनी शिंपला सरकवला. नाटकवाल्याने एक. चोराने दोन. सगळे म्हणाले, ‘वा काका, वा!’

बाबांनी शिंपल्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एकेक करून ते मधोमध परत ढकलले.

त्यांना परत करू दिलं असतं तर कदाचित तिथेच थांबलं असतं. पण आम्ही कसले थांबतोय! पुढच्या वेळी बाबांनी भुवई उचलली तरी शिंपला. ठसका लागला तरी शिंपला, देवाशपथ. चोर मला स्वयंपाकघरात म्हणाला, ‘ताई, काकांना पानी देतो, आणि जरा हळू घे ना गोष्ट.’ मी पण कमी नव्हते. माझे पहारेकरी एकाएकी सद्गृहस्थ झाले. आचाऱ्याने नुसतं बघितलं की फाटक उघडायचं. एका संध्याकाळी बाबांनी दंडाने सगळे शिंपले टेबलावरून झाडून टाकले. फ्रिजखाली गेले, मोरीत गेले. ‘मेल्या! मेल्या!’ कोणाला म्हणत होते कोण जाणे, बहुतेक सगळ्यांना. आम्ही चौघं शहाणीसुरती माणसं गुडघ्यांवर बसून शिंपले गोळा करत होतो आणि एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

मग मी नियम बदलायला घेतले. माझा स्वभावच तो, काही सुचलं नाही की नियम करायचे. आधी म्हटलं, शिंपला बोलण्याला नाही, करणीला द्यायचा. सोंगाला शोभेल असं काहीतरी करा, पुरे. तर नाटकवाल्याची पंचाईत झाली, तो बोलल्याशिवाय काही करूच शकत नाही, आणि बाबांच्या प्रत्येक करणीवर पुन्हा माना डोलायला लागल्या. मग गुप्त मतदान. प्रत्येकाने शेवटी डब्यात चिठ्ठी टाकायची. सगळ्या चिठ्ठ्या बाबांच्या नावाच्या निघाल्या, माझीसुद्धा. बाबांनी त्या डाव्या हाताने टेबलावर नीट मांडल्या, शेजारी शेजारी, आणि उठून आत जाऊन झोपले. मग मी चिडून शिंपलेच बंद केले. कोणालाच नाही! दोन-तीन मंगळवार आम्ही तसे खेळलो. मीठ विसरलेल्या आमटीसारखा खेळ झाला. फासे पडत होते, पुढे सरकत होतो, कोणाला कशाचं काही नाही. शेवटी शिंपल्यांची वाटी परत मधोमध आणून ठेवली.

वकीलीणबाई एकदा चपला घालताना म्हणाली, ‘अगं, खरं सांगू? काकांचं आजचं ते वाकून बघणं आहे ना, ते खरंच चांगलं होतं. पहिल्यासारखं. मला शिंपला द्यावासा वाटला. आणि मग वाटलं, हे मला खरंच आवडलंय की मला वाईट वाटतंय? मला कळेना. कोर्टात असं झालं तर मी केस सोडते.’

ती बोलली ते माझ्या डोक्यातून जाईना. बाबा काय करतायत हा प्रश्नच नव्हता. आम्हीच प्रेक्षक म्हणून लायक उरलो नव्हतो. त्यांनी उद्या उत्तम सोंग केलं असतं तरी त्याला खरं बक्षीस द्यायला त्या टेबलावर कोणी शिल्लक नव्हतं, आणि हे बाबांना आमच्या आधी कळलं होतं. माणसाचा हात गेला तर आपण त्याला घास भरवू शकतो. हे कसं भरवायचं? मी रात्री पडल्या पडल्या नवीन नियम रचायचे, सकाळी तेच नियम बावळट वाटायचे.

आणि राजा पुढ्यात उभा होता. आता राजवाड्यात शिरलं की आचाऱ्याचा प्रसंग. मी काय केलं? पळाले. राजाला ताप आणला. राजाला शिकारीला पाठवला. मग पूर आणला, पूल पाडला. टोळीने निमूट पूल बांधला. चोर म्हणाला, ‘ताई, राजा आहे तरी का?’ एका मंगळवारी मी राजाला मामाच्या गावी पाठवत होते तेव्हा बाबांनी माझ्यापुढचा नकाशा स्वतःकडे ओढला आणि राजवाड्यावर बोट ठेवलं. बोट तिथून काढेनात. मी म्हटलं, ‘बाबा, अजून वाटेत...’ त्यांनी बोट आपटलं.

म्हटलं, ठीक आहे.

दरबार भरवला. मी पाठ ताठ केली, आवाज जाड केला. ‘कोण तू? बोल.’

बाबा उभे राहिले. बसून बोलणार नव्हते ते. टेबलाला धरून उभे राहिले, घसा खाकरला, ठोकलं. आणि प्रयत्न केला. तो मी बघितलाय, अजून काय सांगू. मान लाल झाली, ओठ एका बाजूला ओढला गेला, काहीतरी अगदी दातांपर्यंत आलेलं असावं असं वाटत होतं. ‘ता... तू... ता...’ मी राजा. राजाने बोलायचं नसतं, ऐकायचं असतं. मला ओरडावंसं वाटत होतं की पुरे, बसा, माफ केलं, सगळं राज्य घ्या. शेवटी त्यांच्या तोंडून खणखणीत निघालं, ‘मेल्या!’

नाटकवाला हसला, वाईट अर्थाने नाही, खरंच ते राजाला शोभून गेलं होतं. वकीलीणबाईचा हात शिंपल्यांच्या वाटीकडे गेला. बाबांनी तो हात वरचेवर धरला आणि बाजूला ठेवला. त्यांना ते म्हणायचं नव्हतं. इतके महिने आंघोळ करताना जुळवलेलं ते हे नव्हतं.

मग ते नाटकवाल्याकडे वळले. आचाऱ्याची खूण म्हणून टेबलावर एक बाटलीचं बूच असायचं. ते त्यांनी उचललं आणि नाटकवाल्यापुढे ठेवलं.

‘काका, नको,’ तो म्हणाला. माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, अजिबात नाही. बाबांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं आणि स्वतः खाली बसले.

मग त्याने घसा खाकरला. टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. आणि बाबांच्या आवाजात बोलायला लागला.

नक्कल नव्हे हो. नक्कल असती तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. तेच थांबणं, तोच मधेच खाली जाणारा सूर, वाक्याच्या शेवटी तेच किंचित नाकातून. ‘म्हाराज, ओळखलात? नाय ओळखूचे. तुमी ताटाकडे बघणारे. ताट खंयसून येता ता कोण बघता?’ मग थांबला. बाबा थांबायचे तिथेच. ‘तुमका ताप इलो तवा मी पेज केलंय. नको म्हटल्यात, तरी केलंय. मीठ कमी म्हटल्यात, मीठ घातलंय. हाकलल्यात. हाकला, राज्य तुमचा. पण इतक्या वर्सांत एकदा तरी माका इचारूक होया होता, म्हाराज. तू जेवलंस काय म्हणून.’

राजा मी होते. ते मला उद्देशून होतं. बाबांच्या आवाजात, माझ्याच हॉलमध्ये, आणि बाबा बाजूला गप्प बसलेले. त्या सकाळी कप पडल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या फोनमध्ये त्यांचं एकही धड रेकॉर्डिंग नाही, सगळे लग्नातले व्हिडिओ, त्यात बँड. आणि हा विरारचा उपटसुंभ तो आवाज इतके दिवस घशात घेऊन फिरत होता.

बाबांनी खिशात हात घातला. वाटीतला नाही, स्वतःचा, स्वतः मिळवलेला शिंपला काढला आणि टेबलावरून सरकवत त्याच्यापुढे नेला. नाटकवाल्याने आचारी राहूनच हात जोडले. बाबांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडावर हसू होतं, पहिल्यासारखं, थोडं वाकडं. चोर रडत होता. वकीलीणबाई म्हणाली, ‘काय झालं हे, काय सुंदर झालं!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मला त्या पोराचा भयंकर राग आला होता.

खाली त्याला गाठला, बाईक काढत होता. म्हटलं, ‘कोणी सांगितलं होतं तुला इतकं चांगलं करायला?’

तो गोंधळला. म्हणाला, ‘ताई, वाईट केलं असतं तर काकांना कळलं असतं.’

मी तशीच वर आले. बाबा आचाऱ्याचा कागद हातात घेऊन बसले होते. त्यावर त्याचं वय, ताकद, शस्त्र म्हणून डाव, सगळं त्यांच्या अक्षरात. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं, जो आत्ता गेला त्याच्याकडे.

‘बाबा, तो तुमचा आहे,’ मी म्हटलं. ‘तुम्ही हळूहळू बोलायला लागाल. बाई म्हणाल्यात ना. थोडे दिवस थांबू, मी राजाला परत कुठेतरी पाठवते. बाबा, ऐका ना.’ मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. मी कागद कपाटात कोंबला, आणि पुढच्या मंगळवारी मुकाट काढून नाटकवाल्याला दिला, कारण बाबा बघत होते.

त्या दिवसापासून बाबा टेबलाशी बसत नाहीत. खुर्ची भिंतीला लावून बसतात, समोर, प्रेक्षकांत. शिंपल्यांची वाटी त्यांच्या मांडीवर असते. आता शिंपले तेच देतात, एकटे, आणि कोणाची हरकत नाही, कारण इतका सरळ हिशेब आम्हाला कोणालाच जमला नव्हता. आवडलं की चालायची काठी जमिनीवर आपटतात, आम्ही थांबतो, ज्याला शिंपला मिळाला तो हात जोडतो, पुढे. चोराला मिळतात. वकीलीणबाईला मिळतात, ती अजून वाद घालते. नाटकवाल्याला कधी मिळतो, कधी नाही. आचारी छान चाललाय. सगळे म्हणतात, काका किती खूश दिसतात. असतीलही. मला विचारता येत नाही, आणि विचारलं तर कळत नाही.

मी मात्र भलतंच करायला लागलेय. राजा झाले की गर्जते. म्हातारी झाले की खोकते, थरथरते. परवा एका भुताला मी असं रडवलं की समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. आणि प्रत्येक वेळी वाक्य संपलं की माझी नजर भिंतीकडे जाते. बाबा माझ्याकडे बघत असतात, नीट, मान तिरकी करून, सगळं ऐकत. हात वाटीवर असतो. अजून एकदाही काठी आपटलेली नाही.